पूलनाब्रोनची तडकलेली दारशिळा: एका दुरुस्तीतून उलगडलेले थडगे

१९८५ मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेकडील क्लेअर काउंटीत पूलनाब्रोनच्या प्राचीन थडग्याच्या पूर्वेकडील दारशिळेला तडा गेल्याचे लक्षात आले. दोन उभ्या दारशिळा, मागे आणि बाजूंना आधाराच्या फरशा आणि वर आडवी टाकलेली एक प्रचंड शिळा, एवढीच ही रचना. दारशिळा बदलायची तर आधी वरचा भार उतरवावा लागतो आणि बुंध्याशी खणावे लागते. खणायचेच असेल तर ते शास्त्रशुद्धच व्हायला हवे. म्हणून दुरुस्तीला जोडूनच राष्ट्रीय स्मारकांच्या खात्यातील पुरातत्त्वज्ञ अ‍ॅन लिंच यांच्या नेतृत्वाखाली १९८६ आणि १९८८ अशा दोन हंगामांत उत्खनन झाले. आयर्लंडच्या पर्यटन-भित्तिपत्रकांवर हे थडगे त्याआधीही झळकत होते, पण त्याच्या आत कोण आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते कळले एका दगडाच्या तड्यामुळे.

हा परिसर बरेन या नावाने ओळखला जातो. आयरिश भाषेत 'बरेन' म्हणजे खडकाळ जागा, आणि नाव अगदी चपखल आहे. शेकडो चौरस किलोमीटर उघडा, करडा चुनखडी खडक. त्यावर मातीचा थर नाममात्र. सतराव्या शतकात इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल याच्या फौजेतील लडलो नावाच्या अधिकाऱ्याने या प्रदेशाबद्दल लिहून ठेवले आहे की इथे माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. ज्या भागात पुरायला माती नाही तिथेच आयर्लंडमधील सर्वात बोलके थडगे निघाले, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे. तो पुढे येईलच.

खडकाची ठेवण आधी समजून घ्यायला हवी, कारण या प्रकरणातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिच्याशी येऊन थांबते. बरेनचा खडक आडव्या थरांचा आहे. पावसाचे पाणी हवेतील कर्बवायू घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवते. मूळच्या बारीक फटी अशा रुंदावत जातात. त्यांतून दोन भाग तयार होतात: वरच्या सपाट लाद्या, ज्यांना इथे 'क्लिंट' म्हणतात, आणि त्यांच्यामधल्या खोल उभ्या भेगा, म्हणजे 'ग्राइक'. काही भेगा वीतभर रुंद आणि पुरुषभर खोल असतात. सुट्या झालेल्या लाद्या पहारीने उचकटून उभ्या करता येतात, म्हणजे थडग्याला लागणारा माल जागेवरच पडलेला होता. आणि भेगा? त्यांनी पुढे तिजोरीचे काम केले.

नावाचा घोळ

पर्यटकांना या जागेच्या नावाचा अर्थ बहुतेक वेळा 'दुःखाचा खड्डा' असा सांगितला जातो. थडगे म्हटल्यावर तो पटतोही. पण तो चुकीचा आहे, आणि चूक व्याकरणावरून पकडता येते. आयरिशमध्ये 'ब्रोन' म्हणजे दुःख, आणि हा शब्द पुल्लिंगी आहे. त्याची षष्ठी करायची तर 'पोल अन व्रोन' यासारखे रूप व्हायला हवे. जागेचे आयरिश नाव मात्र 'पोल ना ब्रोन' आहे. 'ना' हे षष्ठीतले स्त्रीलिंगी एकवचनाचे उपपद. ते लागते 'ब्रो' या स्त्रीलिंगी शब्दाला, ज्याची षष्ठीच 'ब्रोन' होते. 'ब्रो' म्हणजे जाते, दळणाचे जाते. तेव्हा नावाचा अर्थ 'जात्याचा खळगा'. ज्याच्या भाषेत लिंगभेद आहे त्याला हा मुद्दा लगेच उमजेल. इंग्रजीतून पाहणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो.

शिवाय हे नाव थडग्याचे नाहीच. ते टाऊनलँडचे आहे. टाऊनलँड म्हणजे आयर्लंडमधील जमिनीचा स्वतःचे नाव असलेला सर्वात लहान तुकडा, आपल्या शिवारासारखा. देशभरात असे साठ हजारांहून अधिक आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश ऑर्डनन्स सर्व्हेने संपूर्ण आयर्लंड मैलाला सहा इंच या प्रमाणात, म्हणजे १:१०,५६० वर, नकाशात उतरवले. तेव्हा या नावांची इंग्रजी रूपे ठरवली गेली. क्लेअर काउंटीत १८३९ मध्ये जॉन ओ'डोनोव्हन आणि युजीन करी हे दोन जाणकार गावोगाव फिरून आयरिश उच्चार आणि अर्थ टिपत होते. तरीही इंग्रजी लिपीत आल्यावर उपपदे आणि लिंग पुसट झाले, आणि 'जाते' मागे पडून 'दुःख' पुढे आले. जुन्या खुणांचा इतिहास लिहिताना नावाच्या आजच्या रूपावरून कथा रचण्याआधी मूळ भाषेतील षष्ठी तपासावी; त्याला फार तर तासभर लागतो.

दुसरे दोन गैरसमजही याच जातीचे. अशा थडग्यांना अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील हौशी अभ्यासक 'ड्रुइडांच्या', म्हणजे प्राचीन केल्ट लोकांच्या पुरोहितांच्या, 'वेदी' म्हणत. गावकरी त्यांना 'दिआर्मुद आणि ग्रॉनिया यांचा बिछाना' म्हणत, कारण लोककथेतील हे पळून गेलेले प्रेमिक रोज रात्री नव्या जागी झोपत. लोककथा सुंदर आहे आणि ती जपायलाच हवी, पण कथा म्हणून. वेदीच्या कल्पनेला मात्र काहीच आधार नाही. ड्रुइडांचे उल्लेख लोहयुगातले आहेत, आणि ही थडगी त्याच्या तीन हजार वर्षे आधीची.

दगड का तडकतो

वरची शिळा सुमारे चार मीटर लांब, दोन ते तीन मीटर रुंद आणि जेमतेम तीस सेंटिमीटर जाड आहे. दारशिळांची उंची साधारण १.८ मीटर. दार उत्तरेला, दाराशी आडवा ठेंगणा उंबरा. वरची शिळा दाराकडे उंच आणि मागे उतरती ठेवलेली. हा उतार डोळ्यांना सुखावतो आणि त्यामुळेच हे थडगे उडायच्या बेतात असल्यासारखे दिसते, पण त्याची किंमत मोजावी लागते. उतरत्या शिळेचा भार सरळ खाली येत नाही. त्याचा काही अंश आडवा रेटा होऊन आधारांवर येतो. त्यातही शिळा सर्वत्र टेकलेली नाही, मोजक्या ठिकाणी टेकलेली आहे. दगडाला दगड टेकतो तो तळहाताएवढ्या जागेत, आणि सगळा ताण तिथे एकवटतो.

दारशिळा ही मुळात आडव्या थरातून काढलेली लादी. ती उभी केली की तिचे थरही उभे राहतात. आता भार थरांच्या रेषेत उतरतो, आणि लाकूड जसे शिरेच्या दिशेने फुटते तशी लादी थराच्या दिशेने फाटू शकते. बारीक चीर पडली की तिच्यात पाणी शिरते, पाणी चुना विरघळवते, हिवाळ्यात गोठले तर फुगून चीर रुंदावते. हे सगळे शेकडो वर्षे चालते, आणि शेवटी एखाद्या वर्षी तडा नजरेस येतो.

आणखी एक बाब, जी फोटोत कधीच दिसत नाही. माती नसल्यामुळे शिळा खोल पुरता येत नाहीत. त्यांचे बूड खडकावर असते. त्यांना जागेवर धरून ठेवतो तो भोवती रचलेला दगडांचा ठेंगणा ढीग. उत्खननाने दाखवले की हा ढीग बांधकामाच्या काळातही आजच्यापेक्षा फारसा उंच नव्हता. म्हणजे 'पूर्वी यावर मोठी टेकडी होती, ती वाहून गेली आणि सांगाडा उरला' ही जुनी समजूत निदान इथे तरी लागू नाही. वरची शिळा पहिल्यापासून उघडी, लांबून दिसेल अशीच होती. ढिगाचे काम झाकण्याचे नव्हते, टेकू देण्याचे होते.

उतरवणे, खणणे, पुन्हा उभारणे

अशा कामात क्रम चुकला की माहिती कायमची जाते. प्रत्येक शिळेची जागा, कल आणि टेकण्याचे बिंदू मोजून नकाशावर आणि छायाचित्रांत नोंदवायचे. मग आधार देऊन भार हलवायचा. त्यानंतरच आतली माती काढायची, तीही हाताने, चौकोन आखून, प्रत्येक हाडाची जागा नोंदवून, आणि काढलेली माती बारीक चाळणीतून चाळून. दात, बोटांची पेरे, मणी चाळणीतच सापडतात. घाईच्या खोदकामात नेमके हेच तुकडे हुकतात, आणि पूलनाब्रोनमध्ये महत्त्वाचा निष्कर्ष निघाला तो अशाच लहान हाडांवरून.

इथली खरी अडचण भेगांची होती. साध्या जमिनीत खालचा थर जुना, वरचा नवा, असे ढोबळमानाने धरता येते. भेगांत हा हिशेब बिघडतो. लहान हाड, मणी, खापराचा तुकडा वरून घरंगळत खाली जातो. मोठे हाड वरच अडकते. खोलीवरून वय ठरत नाही. म्हणून थराऐवजी हाडांचेच वय काढावे लागते, आणि एक-दोन नव्हे, बऱ्याच हाडांचे. रेडिओकार्बन पद्धतीत हाडातील कोलॅजेन हे प्रथिन वेगळे करून त्यातील कार्बन-१४ मोजतात आणि आलेला आकडा झाडांच्या वर्तुळांवरून तयार केलेल्या वक्ररेषेवर बसवून कॅलेंडरची वर्षे काढतात. त्यातून दफनांचा काळ आला इ. स. पू. ३८०० ते ३२००, म्हणजे आयर्लंडमधील शेतीच्या अगदी सुरुवातीच्या शतकांतला.

एक अपवाद निघाला. दाराबाहेर पुरलेले एक नवजात बाळ कांस्ययुगातले ठरले. शेवटच्या मुख्य दफनानंतर दीड हजार वर्षांहून अधिक काळ लोटला होता, थडगे बांधणाऱ्यांचे नावनिशाणही उरले नव्हते, तरी कोणीतरी आपले मूल या दाराशी आणून ठेवले. एखाद्या जागेचे माहात्म्य पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकते याचा याहून थेट पुरावा मिळणे कठीण. हाडांचे एकेक करून वय काढले नसते तर हे बाळ बाकीच्यांतलेच एक म्हणून मोजले गेले असते.

दारशिळेच्या जागी दुसरा दगड बसवला आणि रचना पुन्हा उभी केली. आज उत्तरेकडून दारासमोर उभे राहिले तर डावीकडची दारशिळा ती बदललेली. पाहायला जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, कारण त्या शिळेच्या पृष्ठभागावरून प्राचीन काळाबद्दल काहीही अनुमान काढता येत नाही.

हाडे टिकली कशी, आणि मोजली कशी

आयर्लंडची जमीन बहुतेक ठिकाणी आम्लधर्मी आहे, आणि तिच्यात हाड विरघळून जाते. म्हणून देशातील कित्येक प्राचीन थडग्यांत जळकी हाडे किंवा नुसती भांडी उरतात. बरेनच्या चुनखडीने उलट काम केले: चुन्यामुळे आम्ल मारले गेले आणि भेगांनी हाडे नांगर, जनावरे आणि उत्सुक माणसे यांच्यापासून दूर ठेवली.

हाडे एकमेकांत मिसळलेली होती, एकही सांगाडा सलग नव्हता. अशा वेळी माणसे मोजायची तर एखादे असे हाड धरायचे जे प्रत्येकाला एकच असते, जसे डाव्या मांडीचे हाड किंवा जबड्यातला ठरावीक दात. त्यांची सर्वात मोठी संख्या म्हणजे 'किमान इतकी माणसे'. पहिल्या मोजणीत १६ ते २२ मोठी माणसे आणि ६ मुले असा अंदाज आला. पुढे सविस्तर अभ्यासात किमान आकडा ३६ वर गेला. या आकड्याकडे थोडे थांबून पाहावे. सहाशे वर्षांत ३६ म्हणजे सरासरी सतरा वर्षांत एक दफन. गावची स्मशानभूमी अशी नसते. बहुतेकांना दुसरीकडे, दुसऱ्या पद्धतीने निरोप दिला जात होता, आणि काहींनाच इथे आणले जात होते. निवड कशावरून होत असे ते हाडांवरून उघड होत नाही. स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, मुले आहेत.

सुरुवातीला असे मानले गेले की मृतदेह आधी दुसरीकडे ठेवून, मांस गेल्यावर सुटी हाडे इथे आणली असावीत. हाडे विस्कळीत असल्याने हा तर्क स्वाभाविक होता. पण हातापायांची बारीक हाडे मुबलक सापडली. दुसरीकडून हाडे गोळा करून आणताना कवटी आणि मांडीची हाडे उचलली जातात, पेरे मागे राहतात. तेव्हा देह इथेच ठेवले गेले, इथेच सुटे झाले, आणि मग नव्या दफनासाठी जागा करताना किंवा विधींत हाडे हलवली गेली, काही भेगांत सरकवली गेली. चाळणीत सापडलेल्या पेरांनी आधीचा तर्क मोडीत काढला, तो असा.

या लोकांचे आयुष्य कष्टाचे होते. बहुतेक मोठी माणसे तिशीच्या आत गेली. चाळिशी ओलांडलेली एकच व्यक्ती ओळखता आली. मान आणि खांद्यांच्या सांध्यांवर झीज दिसते, ती डोक्या-खांद्यावर ओझी वाहणाऱ्यांची. समुद्र दहा किलोमीटरच्या आत असूनही त्यांच्या आहारात मासळी जवळजवळ नव्हती. हाडांतील रासायनिक खुणा जमिनीवरच्या अन्नाच्याच आहेत. एका पुरुषाच्या नितंबाच्या हाडात चर्ट या गारगोटीसारख्या कठीण दगडाच्या बाणाचे टोक रुतलेले आहे आणि त्याभोवती हाड भरून आल्याची खूण नाही. जखमेनंतर तो फार काळ जगला नाही. भरून आलेल्या मोडींच्या खुणाही आहेत, कवटीवर आणि बरगडीवर. त्यांच्यासोबत घासून गुळगुळीत केलेली दगडी कुऱ्हाड, हाडाचे लटकन, हाडाची टाचणी, मणी, स्फटिक, बाणांची टोके आणि खापरे होती.

सर्वात हेलावणारा शोध मात्र उत्खननानंतर तीस-बत्तीस वर्षांनी लागला. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांच्या नेतृत्वाखाली झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात इथल्या एका मुलग्याच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्याचे आढळले. पद्धत सरळ आहे: डीएनएचे लाखो तुकडे वाचून कुठल्या गुणसूत्राचे किती आले ते मोजायचे, एकविसाव्याचे अपेक्षेच्या दीडपट आले तर डाउन सिंड्रोम. त्या वेळी ज्ञात असलेले हे त्याचे सर्वात प्राचीन खात्रीलायक उदाहरण ठरले. बाळ सुमारे सहा महिन्यांचे होते आणि ते आईच्या दुधावर होते, हे हाडांतील नायट्रोजनवरून कळते. सतरा वर्षांत एखाद्यालाच जिथे जागा मिळत होती, तिथे या बाळाला जागा दिली गेली. १९८६ मध्ये हे कोणालाही कळू शकले नसते. हाडे नोंदींसह नीट जपून ठेवली, म्हणून कळले.

दख्खनशी असलेला एक धागा

महापाषाणांच्या, म्हणजे प्रचंड शिळांनी उभारलेल्या अशा प्राचीन थडग्यांच्या अभ्यासात आयर्लंड आणि दख्खन यांच्यात एक खरा दुवा आहे. निजामाच्या सेवेतील आणि काही वर्षे नळदुर्गचा कारभार पाहिलेला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर शोरापूर (आजच्या कर्नाटकातील सुरपूर) भागात असताना तिथली दगडी थडगी खणत होता. त्याने या कामाचा अहवाल १८६० च्या दशकात डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीसमोर मांडला, आणि दख्खनच्या थडग्यांना त्याने त्या काळी युरोपात प्रचलित असलेलीच लेबले लावली: केल्टिक, ड्रुइडी किंवा सिथियन (म्हणजे युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील प्राचीन भटक्या लोकांची). त्याची चित्रे आणि खोदकामाच्या छेदरेषा त्या काळाच्या मानाने फार काटेकोर आहेत आणि आजही उपयोगी पडतात. लेबले मात्र टाकून द्यावी लागली. दगड सारखे दिसले म्हणून लोक एक ठरत नाहीत. नागपूरजवळच्या जुनापाणी-माहुरझरीच्या शिळावर्तुळांत लोखंड सापडते, घोड्याचा साज सापडतो, ती इ. स. पू. पहिल्या सहस्रकातली. पूलनाब्रोन त्याहून जवळपास तीन हजार वर्षे जुने, आणि तिथे धातूच नाही.

आजचा धोका

दारशिळा बदलून चार दशके होत आली. रचना उभी आहे, भोवती दोर आहे, आर ४८० या रस्त्यालगत गाड्यांसाठी जागा आहे. आयर्लंडमध्ये १९३० च्या राष्ट्रीय स्मारक कायद्यापासून परवान्याशिवाय पुरातत्त्वीय उत्खनन करता येत नाही, आणि १९८७ च्या दुरुस्तीने धातुशोधक यंत्रांवरही निर्बंध आले. बरेनमध्ये हे का महत्त्वाचे ते जवळच्याच ग्लेनिन्शीनवरून समजते: तिथे १९३२ मध्ये अशाच एका भेगेतून सोन्याचा प्राचीन गळपट्टा निघाला, जो आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आजची झीज मात्र चोरांमुळे होत नाही, ती प्रेमाने येणाऱ्यांमुळे होते. भेट देणारे आसपासचे सुटे दगड उचलून चिमुकली थडगी रचतात, दोन उभे आणि एक आडवा, आणि आठवण म्हणून सोडून जातात. एकाचे पाहून दुसरा रचतो. एक दगड उचलला की त्याखालच्या ओलाव्यावर जगणारे शेवाळ आणि भेगेतली नेचे उघडी पडतात. दगड एखाद्या जुन्या कुंपणातून, कोठाराच्या पायातून किंवा प्राचीन ढिगातून उचलला असेल तर त्या बांधकामाचा आराखडाच बिघडतो, कारण इथे बांधकाम आणि सुटा दगड यांत बाहेरच्याला फरक दिसत नाही. आणि दगड थडग्याच्या बुंध्याशी असलेल्या ढिगातला असेल, तर तो उभ्या शिळांना धरून ठेवणारा टेकू आहे. उरलेल्या दारशिळेचेही थर उभेच आहेत, आणि तिच्यावरचा रेटाही तोच आहे.